सातवं नाव

छिन्नीबाईच्या अंगणात एका सकाळी चौदा दगड येऊन उतरले, तेव्हा तिने ट्रकवाल्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुणी कान धरून तर उचलले नाहीत ना रे?"

दगडाचा कान म्हणजे त्याचा वरचा कोपरा. तिथे साखळी लावली की हमखास टवका उडतो. ट्रकवाला म्हणाला, नाही बाई, अगदी बाळासारखे आणलेत. तरीही तिने चौदाही दगडांचे अठ्ठावीस कान बोटांनी चाचपून पाहिले आणि मगच पावतीवर सही केली.

बाप पाथरवट, आजाही पाथरवट. तिच्या हाती छिन्नी आली ती अठराव्या वर्षी, आणि त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. शाळेची कोनशिला, दवाखान्याची पाटी, स्मशानातले दगड, पाणपोईवरचं दात्याचं नाव, असं अर्धं शहर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आपल्या अक्षरात चूक दाखवणाऱ्याला ती स्वतःच्या हाताने चहा करून पाजायची. पस्तीस वर्षांत असे तीन चहा झाले होते, आणि त्यातला एक तिच्या मते फुकट गेला होता.

हे चौदा दगड डोंगररस्त्यावरचे होते. रस्ता रुंद होणार होता, म्हणून रस्तेखात्याने कडेची इतिहासाची शिळा अन् शिळा उपटून तिच्याकडे पाठवली होती. दर्शनी भाग तासून गुळगुळीत करायचा, होता तोच मजकूर पुन्हा कोरायचा आणि दगड नव्या कडेला उभा करायचा. मुदत सहा आठवडे. प्रत्येक दगडाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. एकावर लिहिलं होतं की 'म्हातारी' नावाची पहिली बस इथे ब्रेक निकामी होऊन घसरली आणि चालकाने ती गवताच्या गंजीत घालून सगळ्यांना वाचवलं. दुसऱ्यावर, इथल्या तंबूत एका टपालवाल्याच्या बायकोने पहिली शाळा भरवली. छिन्नीबाईचा नवरा त्याच रस्त्यावर सव्वीस वर्षं बस चालवत होता, आणि त्याने यातला एकही दगड वाचलेला नव्हता.

"एकही नाही?" ती म्हणाली.

"अगं, वळणावर वाचत बसलो असतो तर पंधरावा दगड माझ्या नावाचा उभारावा लागला असता."

अकराव्या दगडापाशी तिचं काम अडलं. त्यावर लिहिलं होतं, 'येथे रस्ता खोदत असताना दरड कोसळून पुढील नऊ कामगार मरण पावले.' खाली एकावन्न वर्षांपूर्वीची तारीख, आणि मग एकाखाली एक नऊ नावं. दगड जुना झाला होता, अक्षरांच्या कडा बोथटल्या होत्या, पण कागद पसरून त्यावर शिसं घासलं की आठ नावं स्वच्छ उमटत होती. सातव्या ओळीत नुसता काळा डाग उमटला. तिने तळहात ठेवून पाहिला. बशीसारखा खोलगट भाग लागला, इतका मऊ की जणू रोज कुणीतरी तिथे हात फिरवत होतं. शिरोरेघेचा एक तुकडा आणि शेवटचा एक काना, एवढंच शिल्लक होतं.

"पावसाने गेलं असेल," नवरा म्हणाला.

"पाऊस काय वाचून वाचून एकच ओळ पुसतो?"

तिने रस्तेखात्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेब चाळिशीतले, काटेकोर, माणूस वाईट नव्हे. ते म्हणाले, "तुमच्या करारातलं कलम सहा वाचा. अवाच्य अक्षरं कंत्राटदाराने चौकशी व खातरजमा करून भरावीत. म्हणजे तुम्हीच."

मग नवऱ्याने बसमध्ये आपल्या आसनामागे एक पुठ्ठा लावला. त्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: 'दरडीच्या दगडावरचं सातवं नाव कुणाला ठाऊक असल्यास बाजारामागच्या अक्षरांच्या दुकानात कळवावं.' चार दिवसांत पाच जण येऊन गेले. एकाने आपल्या आजोबांचं नाव सुचवलं. आजोबा दरडीत गेले का, असं विचारल्यावर म्हणाला, नाही, पलंगावरून पडून गेले, पण माणूस फार मोठा होता.

पाचव्या दिवशी दुपारी एक म्हातारा आला. उंच, किंचित वाकलेला, पांढरा सदरा इस्त्री केलेला. दारातच उभा राहून त्याने अंगणातले दगड एकेक करून न्याहाळले आणि अकराव्यावर नजर थांबवली.

"ते सातवं नाव माझं आहे," तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांचं का, काका?"

"नाही. माझं."

छिन्नीबाईने हातोडी खाली ठेवली. "काका, हा मेलेल्यांचा दगड आहे."

"माहीत आहे मला. एकावन्न वर्षं वाचतोय." मग त्याने आपलं नाव सांगितलं. तिने मनातल्या मनात ते त्या ओळीत बसवून पाहिलं. शिरोरेघेचा तुकडा बरोबर जागी आला आणि शेवटचा कानाही.

तिने स्टूल पुढे केलं. तो बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवून, जणू बरेच दिवस पाठ करून आल्यासारखा, सांगू लागला.

तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. रस्त्याच्या कामावर पहारीने खडक फोडणाऱ्या टोळीत होता, हजेरीपटावर सात नंबर. बायको डोंगरापलीकडे माहेरी बाळंतपणाला गेलेली. तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा त्याने मुकादमाकडे दोन दिवस सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, बाळंत ती होणार आहे, तुला काय काम? टोळीच्या छपरात त्याच्या शेजारी एक पोरगा झोपायचा. तीनच आठवड्यांपूर्वी खाडीकडून आलेला, एकोणीस-वीस वर्षांचा. हजेरीपटावर जागा नव्हती म्हणून मिळेल ते हमाली काम करायचा. पुढच्या दोन दातांत फट होती आणि तिच्यातून तो अशी शिट्टी घालायचा की समोरच्या डोंगरावरून ती परत यायची. सगळे त्याला शिट्टी म्हणत. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"तो म्हणाला, तू जा रे. सात नंबर पुकारला की मी हजर म्हणतो. मुकादम मान वर करून बघतो कुठे? मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मुलगी झाली. आणि त्याच सकाळी दरड आली."

परत आला तेव्हा नऊ माणसं पुरलेली होती आणि यादी वर गेलेली होती. यादी हजेरीपटावरून केलेली. मुकादमाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू मेलास. आता जिवंत झालास तर माझी नोकरी जाईल आणि तुला, गैरहजर राहून दुसऱ्याला मरायला पाठवलं म्हणून, आत टाकतील. तोंड बंद ठेव आणि डोंगरापलीकडे जा.

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो. लाकडाच्या वखारीत लागलो. आधी भीती वाटायची. मग लाज वाटायला लागली. मग सवय झाली."

"आणि दगड?"

म्हाताऱ्याने उजवा हात उलटा करून पाहिला. "तो मी झिजवला. वर्षातून चार-पाच वेळा जायचो. खिशात खरखरीत दगडाचा तुकडा न्यायचो. नाव पुसलं की मी तिथून निघेन असं वाटायचं. नाव गेलं, पण तो काही तिथे आला नाही, बाई. तो कुठेच नाही. तुमचा पुठ्ठा वाचला आणि वाटलं, आता हे पुन्हा माझं नाव कोरतील."

छिन्नीबाई उठली. तिने चुलीवर चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "मी नाही कोरत. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घालायला माझा हात अजून इतका सैल झालेला नाही. पण रिकामी ओळही सोडायची नाही मी. उद्या दहा वाजता साहेबांकडे जायचं. सदरा हाच घाला."

*

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग शिपायाकडून कोठारातला जुना हजेरीपट मागवला. धूळ झटकून पान काढलं, सात नंबरवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मिळालं की नाव! अगदी पूर्ण आहे. हेच कोरा."

"साहेब, हे नाव तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसलंय."

"पण पट म्हणतो की हे त्या दिवशी हजर होते."

"आणि मी म्हणते की ते आत्ता हजर आहेत. तुम्ही कुणावर विश्वास ठेवणार, पटावर की डोळ्यांवर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा हात दगडाखाली सापडला होता हे छिन्नीबाईला दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "बाई, समजा मी हे नाव गाळलं. तिथे काय घालू? ज्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याचं नाव दगडावर कसं येणार? मला नाव आणून द्या. त्याला कागदाचा आधार द्या. मग बोलू. पंचवीस तारखेला रुंद झालेल्या रस्त्याचं उद्घाटन आहे, एवढं लक्षात ठेवा."

बोलणं रास्त होतं, आणि रास्त बोलण्यावर भांडण्यात ती वेळ घालवत नसे. बाहेर पायरीवर येऊन तिने म्हाताऱ्याला विचारलं, "काका, त्या पोराचं आणखी काय आठवतं? घर, माणसं, काहीही."

"एक ताई होती. जाळी विणायची. तिच्याबद्दल फार बोलायचा." मग अडखळत त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. "त्याच्या बोचक्यात हे होतं. मुकादम फेकून देत होता. मी ठेवून घेतलं."

ती जाळं विणायची सुई होती. शिंगाची, पंजाएवढी लांब, वापरून वापरून पिवळी पडलेली. बुडाशी शेजारी शेजारी तीन खाचा मारलेल्या होत्या. छिन्नीबाईने त्यांवरून अंगठा फिरवला. सुरीच्या खाचा, एका दमात मारलेल्या. ज्याने मारल्या त्याचा हात पक्का होता.

*

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी तिघंही खाडीकडे जाणाऱ्या बसने निघाले. दोन तासांच्या वाटेत नवरा प्रवासी म्हणून बसला होता, पण प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. "बघ, बघ, कसा मारतोय ब्रेक," तो पुटपुटायचा. शेवटी पुढे बसलेल्या चालकाने आरशातून विचारलं, "काका, तुम्ही चालवता का?" तेव्हा कुठे तो गप्प झाला.

धक्क्यावर त्यांनी चौकशी केली. एकावन्न वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, दातांत फट असलेला पोरगा. त्याची ताई जाळी विणते. पहिल्या दोघांनी माना हलवल्या. तिसरा, बर्फाच्या लाद्या उतरवणारा एक सत्तरीचा माणूस, थबकला आणि हाताने शेवटची शेड दाखवली. "म्हातारीला विचारा. पण जपून. त्या भावाचं नाव काढलेलं तिला खपत नाही."

शेडमध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाळी लोंबत होती. मध्ये बाकावर शहात्तर वर्षांची बाई बसली होती, रुंद खांद्यांची, चष्मा नाकाच्या टोकावर. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं आणि हात चालू. आलेल्या लोकांकडे तिने वर पाहिलंही नाही.

"दुरुस्तीला आठ दिवस लागतील," ती म्हणाली.

"मावशी, आम्ही जाळं आणलेलं नाही," छिन्नीबाई म्हणाली आणि रुमाल उघडून सुई तिच्यापुढे बाकावर ठेवली.

हात थांबले. म्हातारीने सुई उचलली, उलटी केली आणि खाचा मोजल्या. मग स्वतःच्या हातातली सुई तिच्या शेजारी ठेवली. तसंच शिंग, तोच आकार, बुडाशी दोन खाचा.

"बाप प्रत्येक पोराला एकेक करून द्यायचा," ती म्हणाली. "थोरल्याला एक खाच, मला दोन, त्याला तीन. ही कुठे मिळाली?"

छिन्नीबाईने म्हाताऱ्याकडे पाहिलं. हे त्याचं काम होतं. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दुकानात सांगितलं होतं तसंच, स्वतःला कुठेही न झाकता. तो संपवून थांबला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा सांगा." त्याने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे तिसऱ्या आठवड्यातच," ती हळूच म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "बापाशी भांडून गेला तो. ऐन हंगामात होडी सोडून गेला. बाप मरेपर्यंत म्हणत होता, परत आला तर दारात उभा करू नका. आणि मीही म्हणत होते. एकावन्न वर्षं आम्ही त्याला पळपुटा म्हणत आलो आणि तो बिचारा तिसऱ्या आठवड्यापासून मातीखाली! आणि तुम्ही काय करत होता? डोंगरापलीकडे लाकडं मोजत होता?"

"हो," म्हातारा म्हणाला.

"त्याला त्रास झाला का?"

"माहीत नाही. मी नव्हतो तिथे." तो म्हणाला. "तिथे नव्हतो म्हणून तर आज इथे उभा आहे."

"बाहेर जा," म्हातारी म्हणाली.

तो गेला आणि एका उपड्या होडीवर पाठ करून बसला. छिन्नीबाई हलली नाही. असे प्रसंग तिला नवे नव्हते. दगड सांगायला येणारी माणसं पुष्कळदा अशीच तिच्या दुकानात फुटायची, आणि तिथून निघून जाणं हे त्यांना एकटं टाकण्यासारखं असतं हे तिला ठाऊक होतं. थोड्या वेळाने म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

"तू कोण यांची?"

"कुणीच नाही. दगड माझ्याकडे आलाय, मावशी. त्यावर एक ओळ रिकामी आहे. तुमच्या भावाची आहे ती. मला त्याचं नाव हवंय, आणि नावाला एखादा कागद."

म्हातारीने नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी उच्चारताना ते तिच्या तोंडात जरा अडखळलं, मग दुसऱ्यांदा नीट आलं. "शाळेत होता चौथीपर्यंत. शाळेत असेल कागद." एवढं म्हणून ती उठली. कोपऱ्यातल्या मडक्यातून तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेली आणि होडीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात तो तांब्या दिला.

"शिट्टी का म्हणायचे त्याला?" तिने विचारलं. "घरी तर तो कधी वाजवायचा नाही. बापाला आवडायचं नाही."

म्हातारा पाणी प्यायला आणि सांगू लागला. छिन्नीबाईने नवऱ्याला खूण केली आणि दोघं शाळा शोधायला निघाले. तासाभराने परतले तेव्हा ती दोघं होडीवर शेजारी शेजारी बसलेली होती आणि म्हातारी विचारत होती, "बरं, मग जेवायला काय द्यायचे तुम्हाला?"

शाळेतल्या कारकुनाने आधी उद्या या म्हणून सांगितलं होतं. त्यावर म्हातारी स्वतः गेली आणि त्याच्या टेबलासमोर हातातली सुई घेऊन उभी राहिली. जुनं दाखलपुस्तक अर्ध्या तासात निघालं. पान तेहतीस, शाईत लिहिलेलं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. दाखल्याची नक्कल सहीशिक्क्यासह मिळाली.

*

पुढच्या सोमवारी साहेबांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. म्हातारी आली होती. म्हाताऱ्याबरोबर त्याची मुलगी आली होती, एकावन्न वर्षांची, दवाखान्यात परिचारिका. तिला बापाने आदल्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं होतं.

"माझा वाढदिवस यांनी कधी केला नाही," ती छिन्नीबाईला दारातच म्हणाली. "त्या दिवशी घरातून निघून जायचे. मला वाटायचं, मुलगी झाली म्हणून."

छिन्नीबाईने दाखला, सुई आणि म्हाताऱ्याचा सही केलेला जबाब टेबलावर मांडला. साहेबांनी ते वाचलं. मग स्वतःच्या खणातून एक पिवळा कागद काढला.

"तुम्ही गेल्यावर मला स्वस्थ बसवेना," ते म्हणाले. "कोठारात पुन्हा शोधलं. डॉक्टरांनी नऊ जणांचं वर्णन लिहिलेलं आहे. क्रमांक सात: वय सुमारे वीस, पुढील दातांत फट." त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काका, तुमचे दात कसे होते?"

"सरळ होते हो," म्हातारा म्हणाला. "पण आता दाखवायला एकही उरला नाही."

मुलीला हसू आवरलं नाही, आणि मग साहेबही हसले. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "माझी खात्री पटली. अडचण वेगळीच आहे. मंजूर मजकुरात बदल करायचा म्हणजे प्रस्ताव वर पाठवावा लागतो. सहा महिने तरी जातील. पंचवीस तारखेला ही ओळ रिकामी ठेवू, आणि मंजुरी आली की..."

"बदल कोण करतंय?" छिन्नीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"कलम सहा, साहेब. तुम्हीच फोनवर वाचायला सांगितलं होतं. अवाच्य अक्षरं कंत्राटदाराने चौकशी व खातरजमा करून भरावीत. सातवी ओळ अवाच्य आहे, ही बघा शिशाची प्रत. चौकशी केली, खातरजमा झाली, कागद तुमच्या पुढ्यात आहेत. मी काहीही बदलत नाहीये. पुसलेलं भरतेय."

साहेबांनी करार उघडला. कलम सहा एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. म्हातारा स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला होता.

"ही तर काळ्या दगडावरची रेघ आहे," साहेब म्हणाले आणि पेन काढलं. "भरा."

"दोन्ही नावं घाला," म्हातारी एकदम बोलली. "घरचं आणि त्याच्यापुढे शिट्टी."

साहेबांचं पेन थबकलं. "आजी, सरकारी दगडावर टोपणनाव..."

"'म्हातारी' हे बसचं टोपणनाव दगडावर चालतं," छिन्नीबाई म्हणाली, "आणि माणसाचं चालत नाही?"

साहेबांनी सही केली.

*

अकरावा दगड तिने सगळ्यांत शेवटी हातात घेतला. दर्शनी भाग जवळपास दोन बोटं तासावा लागला, तेव्हा कुठे ती बशी नाहीशी झाली. म्हातारा रोज यायचा आणि बादलीतून पाणी घालून दगडावरची भुकटी धुवायचा. छिन्नी त्याने एकदाच मागितली आणि तिने ती दिली नाही. "हात थरथरतोय तुमचा. हे काम माझं," ती म्हणाली, आणि त्याला ते पटलं. सातवी ओळ तिने बसल्या बैठकीला, सकाळी आठ ते दुपारी दोन, मान वर न करता कोरली. नाव मोठं होतं, त्यात पुढे टोपणनाव; ओळीत बसेना. पण अक्षरं बारीक करायला ती तयार नव्हती. तिने नऊच्या नऊ नावांच्या ओळी दगडाच्या दोन्ही कडांपर्यंत रुंदावल्या आणि सगळ्यांना सारखी जागा दिली.

चोवीस तारखेला दगड नव्या कडेला उभा राहिला. सिमेंट ओलं होतं, लाकडाचे टेकू अजून काढलेले नव्हते. म्हातारा, त्याची मुलगी आणि खाडीची म्हातारी बसलेली बस नवऱ्याने बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि प्रवाशांकडे वळून म्हणाला, "मंडळी, पाच मिनिटं. उतरून वाचायचंय." कुणीतरी कुरकुरलं, पण सगळे उतरले. त्यानेच मोठ्याने वाचलं, एकेक नाव, सावकाश. सातव्याला आधी घरचं नाव घेतलं, मग शिट्टी म्हणाला. एका प्रवाशाने विचारलं, हा शिट्टी कोण? तेव्हा म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "माझ्या जागी उभा राहिलेला माणूस." मागच्यांनी ऐकलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

म्हातारी दगडापाशी गेली. तिने एकाही अक्षराला हात लावला नाही. चष्मा नीट बसवून नावं वाचली, आठवं आणि नववंही. मग वळून तिने वरच्या उताराकडे पाहिलं, जिथून दरड आली असेल तिथे, आणि बराच वेळ बघत राहिली. मुलगी तिच्याजवळ गेली. तिने नुसता म्हातारीचा दंड धरला.

"तू त्याच दिवशीची ना?" म्हातारी म्हणाली.

"हो."

"मग नीट जग हो पोरी." आणि म्हाताऱ्याला तिने विचारलं, "तुमचं घर कुठलं?"

"खिंडीपलीकडे. बसने पाऊण तास."

"मग चला. रात्र होण्याआधी मला परतायचंय, आणि तुमचं अजून सगळं सांगून झालेलं नाही. टोळीत कोण कोण होतं, तो कुणाशी भांडायचा, कुणाशी नाही, सगळं मला ऐकायचंय."

"तीनच आठवडे होते हो, ताई," म्हातारा म्हणाला. "किती सांगणार?"

"एकेक दिवस सांगा. एकवीस होतात."

ती दोघं पुढच्या बाकावर बसली, मुलगी त्यांच्या मागे. छिन्नीबाई खालीच थांबली, कारण सिमेंट धरेपर्यंत टेकूंवर लक्ष ठेवायला हवं होतं. बस चढाला लागली. खिडकीत तिला म्हाताऱ्याचा हात दिसला, काहीतरी दाखवत वर गेलेला, आणि त्याच्याकडे वळलेलं म्हातारीचं डोकं.